ध्रुवावरचा ओझोन दुरून कसा मोजायचा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

१२ मार्च २०२० रोजी उत्तर ध्रुवीय प्रदेशावर उपग्रहांना ओझोनची नीचांकी नोंद मिळाली: २०५ डॉब्सन एकक. वसंताच्या सुरुवातीला तिथे ओझोन भरपूर असतो, सरासरी ४०० एककांच्या आगेमागे. म्हणजे त्या दिवशी एका ठिकाणी जवळपास निम्मा ओझोन जागेवर नव्हता. हा आकडा येतो कुठून, त्यावर भरवसा किती ठेवायचा, आणि नसलेला ओझोन खरोखर नष्ट झाला की वाऱ्याबरोबर दुसरीकडे गेला, हे तिन्ही प्रश्न आज कुणालाही घरच्या लॅपटॉपवर सोडवता येतात. लागणारी सगळी निरीक्षणं फुकट उपलब्ध आहेत.

हा लेख बी.एस्सी.पर्यंतचं भौतिकशास्त्र झालेल्या आणि पायथन थोडंफार येणाऱ्या वाचकासाठी आहे. उदाहरण सगळीकडे एकच: आर्क्टिकचा २०१९-२० चा हिवाळा आणि त्यानंतरचा वसंत. एक हंगाम नीट समजला की अंटार्क्टिकावरही त्याच पायऱ्या लागू पडतात. माझं पहिल्यापासूनचं मत इथेच सांगून टाकतो. ध्रुवाजवळ एका उपकरणाच्या एका आकड्यावर निष्कर्ष काढू नये. एकूण ओझोन कमी दिसला, एवढ्यावरून तो नष्ट झाला असं म्हणता येत नाही. ते सिद्ध करायला उंचीनिहाय मोजमाप लागतं, आणि आपण कोणत्या हवेत मोजतोय याचं भानही लागतं.

पायरी १: काय मोजायचंय ते ठरवा

ओझोन दोन प्रकारे सांगितला जातो. पहिला प्रकार म्हणजे एकूण स्तंभ. जमिनीपासून वातावरणाच्या टोकापर्यंतचा सगळा ओझोन खाली आणून ० अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला पसरला, तर जो थर होईल त्याची जाडी. ०.०१ मिलिमीटर म्हणजे एक डॉब्सन एकक, म्हणून ३०० एकक म्हणजे फक्त ३ मिलिमीटर. रेणूंच्या भाषेत एक एकक म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.६९ × १०^१६ रेणू. अंटार्क्टिकावर २२० एककांच्या खालच्या भागाला ओझोनचं छिद्र म्हणायची प्रथा आहे.

दुसरा प्रकार म्हणजे उंचीनिहाय प्रमाण. कोणत्या दाबाच्या पातळीवर हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे ओझोनचे किती रेणू आहेत, ते पीपीएममध्ये. ध्रुवीय स्थितांबरात (ढग-पाऊस घडणाऱ्या खालच्या थराच्या वरचा थर) खरी घडामोड १५ ते २२ किलोमीटरच्या पट्ट्यात होते, म्हणजे साधारण १०० ते ३० हेक्टोपास्कल दाबाच्या दरम्यान. एकूण स्तंभाच्या नकाशात हा पट्टा वेगळा दिसत नाही.

दोन्ही मोजमापं लागतातच. स्तंभ रोजचा नकाशा देतो आणि त्याच्या नोंदी अनेक दशकांच्या आहेत. उंचीनिहाय प्रमाण कारण सांगतं.

पायरी २: उजेडाचा हिशेब करा

नवखे इथेच सर्वाधिक अडखळतात, म्हणून इथे थोडं थांबू या.

एकूण स्तंभ मोजणारी बहुतेक उपकरणं सूर्याच्या अतिनील किरणांवर चालतात. ओझोन ३०० ते ३४० नॅनोमीटरच्या पट्ट्यात काही तरंगलांबी जास्त शोषतो, काही कमी. जवळजवळच्या दोन तरंगलांबींच्या तीव्रतेचं गुणोत्तर घेतलं की धूळ, ढग आणि जमिनीची चकाकी यांचा परिणाम बराचसा कटतो आणि ओझोनचा उरतो. गॉर्डन डॉब्सनने १९२० च्या दशकात याच तत्त्वावर आपला वर्णपटमापक बनवला. उपग्रहातून हेच काम परत उधळलेल्या प्रकाशावर होतं. नासाच्या ऑरा उपग्रहावरचं ओएमआय हे उपकरण बहुतेक वेळा ३१७.५ आणि ३३१.२ नॅनोमीटरची जोडी वापरतं. सूर्य फार खाली असेल आणि ओझोन जास्त असेल, तर ३३१.२ आणि ३६० ची.

ध्रुवाजवळ सूर्य डोक्यावर कधीच येत नाही. तो शिरोबिंदूपासून किती अंश खाली आहे, याला शिरोबिंदू कोन म्हणू. उत्तर गोलार्धात भर दुपारी हा कोन काढणं सोपं आहे: त्या जागेच्या अक्षांशातून सूर्याची त्या दिवशीची क्रांती (सूर्य विषुववृत्तापासून किती अंश दूर आहे ते; उत्तरेला धन, दक्षिणेला ऋण) वजा करा. १२ मार्चला क्रांती साधारण उणे ३.३ अंश असते. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं न्यू-ओलसुंद हे संशोधन गाव ७८.९ अंश उत्तरेला आहे, म्हणजे तिथे भर दुपारीही कोन ८२.२ अंश. सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम पावणेआठ अंश.

एवढ्या तिरक्या किरणाला २२ किलोमीटर उंचीवरचा ओझोनचा थर किती जाड लागतो? पृथ्वीची वक्रता धरून गणित केलं तर सुमारे सहापट. ३ मिलिमीटरचा थर त्या किरणासाठी १९ मिलिमीटरच्या आसपास होतो. ३०५ नॅनोमीटरचा प्रकाश यातून जवळपास पारच होत नाही. मग उपकरणात इकडून तिकडून शिरलेला भटका प्रकाश खऱ्या संकेतात मिसळतो आणि ओझोन खऱ्यापेक्षा कमी दिसू लागतो. जुन्या एकेरी वर्णपटमापकांचा हा नेहमीचा त्रास आहे. दुहेरी एकवर्णकाचं, म्हणजे हवी ती तरंगलांबी दोनदा गाळून घेणारं, ब्रूअर उपकरण म्हणूनच ध्रुवाजवळ जास्त विश्वासाचं मानलं जातं.

ओएमआयच्या स्तंभाच्या फाइलींमध्ये शिरोबिंदू कोन ८४ अंशांच्या पुढे गेला की त्या ठिपक्यावर (एका निरीक्षणात येणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर) वेगळी खूण लावलेली असते. याचा अर्थ लावून पाहा. १२ मार्चला ही सीमा ८०.७ अक्षांशावर पडते. १ फेब्रुवारीला क्रांती उणे १७.२ असते, तेव्हा हीच सीमा ६६.८ अक्षांशावर येते. म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला ध्रुवीय प्रदेशाचा बहुतांश भाग अतिनील उपग्रहांच्या दृष्टीने अंधारात किंवा शंकेत असतो. नकाशात ध्रुवाभोवती जी रिकामी चकती दिसते ती रात्र आहे. तिला ओझोनचं छिद्र समजणारे वाचक मला अनेकदा भेटलेत.

म्हणून ज्या तारखेचा आणि अक्षांशाचा विचार करताय, तिथे कोन किती होता, हे आकडा पाहण्याआधी काढायची सवय लावून घ्या.

पायरी ३: उपकरण निवडा

सूर्य वर असेल आणि एकूण स्तंभ हवा असेल, तर सध्या ट्रोपोमी सर्वांत बारीक चित्र देतं. ते युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावर आहे, ऑक्टोबर २०१७ मध्ये सुटलं, आणि ऑगस्ट २०१९ पासून त्याचा ठिपका ३.५ × ५.५ किलोमीटरचा आहे. ओएमआयचा ठिपका बराच मोठा, मध्यभागी १३ × २४ किलोमीटर. शिवाय २००७ पासून त्याच्या दृष्टिक्षेत्रातल्या काही ओळी निकामी झाल्या आहेत. मात्र त्याची मालिका २००४ पासूनची आहे, त्यामुळे वर्षावर्षांच्या तुलनेसाठी ते हवंच.

अंधारात बघायचं असेल तर हवेच्या स्वतःच्या उत्सर्जनावर चालणारी उपकरणं लागतात. मेटऑप उपग्रहांवरचं आयएएसआय ९.६ मायक्रोमीटरच्या अवरक्त पट्ट्यात ओझोन पाहतं, दिवसा आणि रात्रीही. पण खालचा बर्फ आणि वरची हवा दोन्ही सारखीच गार असली, तर संकेतात फरकच उरत नाही. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर ही अडचण फार जाणवते.

आपल्या कामासाठी खरा आधार म्हणजे ऑरावरचंच दुसरं उपकरण, मायक्रोवेव्ह लिम्ब साउंडर, थोडक्यात एमएलएस. ते खाली न बघता क्षितिजाच्या कडेकडे बघतं. भांड्यातल्या दुधावरची साय वरून पाहिली तर तिची जाडी कळत नाही, काचेच्या ग्लासात कडेने पाहिली की कळते. तसंच इथे. ओझोनचे रेणू २४० गिगाहर्ट्झच्या आसपास जे क्षीण मायक्रोवेव्ह उत्सर्जन करतात ते एमएलएस टिपतं. त्याला सूर्य लागत नाही आणि ध्रुवीय स्थितांबरातले विरळ ढगही आड येत नाहीत. दररोज सुमारे ३५०० उभे आलेख मिळतात, ८२ अंश दक्षिणेपासून ८२ अंश उत्तरेपर्यंत. उभी बारकाई अडीच ते तीन किलोमीटर. आडवी बारकाई मात्र काहीशे किलोमीटरची, हे विसरू नका.

कॅनडाच्या सायसॅटवरचं एसीई-एफटीएस सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी सूर्याकडे थेट बघतं. त्याची उभी बारकाई चांगली, पण दिवसाकाठी मोजकीच निरीक्षणं मिळतात. पहिल्या अभ्यासासाठी ते बाजूला ठेवलं तरी चालेल.

पायरी ४: निरीक्षणं उतरवून घ्या

नासाच्या अर्थडेटा या सेवेवर मोफत खातं उघडा. एमएलएसची आवृत्ती ५ मधली ओझोनची दुसऱ्या स्तराची (म्हणजे कच्च्या संकेतावरून प्रमाण काढून दिलेली) रोजची फाइल घ्या, १ डिसेंबर २०१९ ते ३० एप्रिल २०२० पर्यंतची. फाइलच्या नावात तारीख ‘वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस’ अशी असते. २०२० हे लीप वर्ष, म्हणून १२ मार्च हा ७२ वा दिवस. त्याच काळातल्या नायट्रस ऑक्साइड आणि क्लोरीन मोनॉक्साइडच्या फाइलीही आताच उतरवून ठेवा, पुढे लागतील. ट्रोपोमीसाठी कोपर्निकसच्या डेटा सेवेवर वेगळं खातं लागतं.

फाइली एचडीएफ५ प्रकारच्या आहेत. पायथनमधली एच५पाय ही लायब्ररी पुरते. एमएलएसच्या फाइलीत ओझोनच्या गटाखाली दोन भाग दिसतील. एकात अक्षांश, रेखांश, दाब, वेळ आणि शिरोबिंदू कोन, तर दुसऱ्यात मूल्यं आणि त्यांच्या दर्जाच्या खुणा. वेळ १ जानेवारी १९९३ पासूनच्या सेकंदांत असते. मूल्यं नुसतं गुणोत्तर म्हणून येतात, त्यांना दहा लाखांनी गुणलं की पीपीएम. ट्रोपोमीचा स्तंभ दर चौरस मीटरला मोल अशा एककात असतो, त्याला २२४१.१५ ने गुणा म्हणजे डॉब्सन एकक मिळतात.

दाबाच्या पातळ्या ठरावीक आहेत: ८२.५४, ६८.१३, ५६.२३, ४६.४२, ३८.३१ हेक्टोपास्कल, याच क्रमाने वर. पातळी निवडताना फाइलमधल्या दाबाच्या यादीतूनच निवडा.

पायरी ५: चाळणी लावा, पण टाकून देताना विचार करा

एमएलएसच्या ओझोनसाठी चाळणीचे नियम थोडेच आहेत. स्थितीची खूण सम संख्या हवी. अचूकतेचा आकडा धन हवा, कारण तो ऋण असेल तर त्या पातळीवरचं मूल्य मोजमापाऐवजी आधीच्या अंदाजावर उभं असतं. दर्जा १.० च्या वर आणि अभिसरण (गणन कितपत स्थिर उत्तरावर पोचलं त्याचा आकडा) १.०३ च्या खाली. उपकरणाच्या चमूचा दर्जाविषयीचा दस्तऐवज प्रत्येक आवृत्तीबरोबर येतो. आवृत्ती बदलली की हे आकडे त्यातून पुन्हा पाहून घ्या. ट्रोपोमीच्या स्तंभासाठी दर्जाचा आकडा ०.५ च्या वर घ्यावा.

चाळणीचा एक इतिहास नव्या माणसाने जाणून घ्यायलाच हवा. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन यांनी मे १९८५ मध्ये हॅली केंद्रावरच्या डॉब्सन उपकरणाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ऑक्टोबरची सरासरी एकेकाळच्या ३०० एककांवरून २०० च्या खाली आली होती. जपानच्या स्योवा केंद्रावरची कमी ओझोनची नोंद चुबाची यांनी त्याच्या आदल्याच वर्षी मांडली होती. त्या वेळी निंबस-७ उपग्रहावरचं टॉम्स हे उपकरण १९७८ पासून ओझोन मोजत होतं. त्याच्या प्रणालीत १८० एककांखालची मूल्यं संशयास्पद म्हणून वेगळी निघत, कारण इतका कमी ओझोन तोवर कुणी पाहिलाच नव्हता. ती मूल्यं पुसली गेली नव्हती. ती जपून ठेवलेली होती, म्हणूनच नासाच्या चमूला पुन्हा तपासून संपूर्ण छिद्राचा नकाशा काढता आला. तो नकाशा पवन भारतीया यांनी ऑगस्ट १९८५ मध्ये प्रागच्या परिषदेत दाखवला.

म्हणून चाळणीत गळालेल्या मूल्यांची वेगळी फाइल ठेवा. रोज किती टक्के गळाली आणि कुठल्या अक्षांशावर गळाली, हे एकदा नकाशावर टाकून पाहा. गळती एकाच जागी, एकाच काळात जमा होत असेल, तर तिथे एकतर उपकरणाची काही भानगड आहे किंवा वातावरणात खरंच काहीतरी घडतंय. दोन्ही शक्यता तपासण्याजोग्या असतात.

पायरी ६: भोवऱ्याच्या आत की बाहेर, ते पाहा

हिवाळ्यात ध्रुवाभोवती स्थितांबरात पश्चिमेचे जोरदार वारे गोल फिरतात. हा ध्रुवीय भोवरा. आतली हवा बाहेरच्या हवेत सहजी मिसळत नाही आणि अंधारात थंड होत जाते. तापमान सुमारे १९५ केल्विनच्या, म्हणजे उणे ७८ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ध्रुवीय स्थितांबरी ढग तयार होतात. त्या ढगांच्या कणांवर निरुपद्रवी क्लोरीन संयुगं सक्रिय क्लोरीनमध्ये बदलतात, आणि ऊन परत आलं की ओझोनचा नाश सुरू होतो. २०१९-२० मध्ये आर्क्टिकचा भोवरा विलक्षण बळकट होता आणि एप्रिलपर्यंत टिकला. एरवी आर्क्टिकमध्ये तो फेब्रुवारी-मार्चमध्येच डळमळतो किंवा तुटतो. अंटार्क्टिकासारखं छिद्र तिथे दरवर्षी पडत नाही ते याच कारणाने.

आता चूक कुठे होते? अनेक जण ७० ते ९० अक्षांशातली सगळी निरीक्षणं घेतात आणि सरासरी काढतात. पण आर्क्टिकचा भोवरा ध्रुवावर मध्यभागी क्वचितच बसतो. तो कधी सायबेरियाकडे, कधी स्कँडिनेव्हियाकडे सरकलेला असतो आणि लांबुळकाही होतो. मग तुमच्या सरासरीत निम्मी हवा आतली, निम्मी बाहेरची. भोवरा दोन दिवसांत थोडा हलला की सरासरी खाली-वर होते, आणि तुम्हाला वाटतं ओझोन नष्ट झाला किंवा भरून आला.

यावरचा उपाय जुना आणि पक्का आहे. युरोपीय हवामान-अंदाज केंद्राच्या ईआरए-५ पुनर्विश्लेषणातून (जुनी निरीक्षणं प्रतिमानात घालून तयार केलेल्या हवामानाच्या सलग नोंदीतून) ४७५ केल्विन विभवतापमानाच्या (हवा जमिनीच्या दाबाला आणली तर होईल त्या तापमानाच्या) पृष्ठावरची विभव-भ्रमिलता, म्हणजे हवेच्या गरगरण्याचं तिच्याबरोबर वाहत जाणारं माप, घ्या. हे पृष्ठ ध्रुवाजवळ साधारण १९ किलोमीटरच्या आसपास असतं. भ्रमिलतेची एक समरेषा घ्या आणि तिच्या आतलं क्षेत्रफळ मोजा. तेवढंच क्षेत्रफळ ध्रुवाभोवतीच्या ज्या गोल टोपीचं असेल, त्या टोपीच्या कडेचा अक्षांश म्हणजे त्या समरेषेचा समतुल्य अक्षांश. भोवरा कितीही वेडावाकडा असला तरी या मापात तो ध्रुवावर गोल बसतो. सुरुवातीला समतुल्य अक्षांश ७० च्या वरची निरीक्षणं ‘आतली’ धरा. पुढे भ्रमिलतेचा उतार सर्वांत तीव्र कुठे आहे ते पाहून कडा रोज नव्याने ठरवता येते. हे सगळं स्वतः करायला वेळ नसेल, तर एमएलएसच्या प्रत्येक निरीक्षणासाठी समतुल्य अक्षांश आधीच गणून ठेवलेल्या पूरक फाइली मिळतात. पण एका तरी दिवसाचा हिशेब स्वतः करा. त्याशिवाय हा प्रकार डोक्यात बसत नाही.

अंटार्क्टिकाचा भोवरा जास्त मध्यावर असतो. तरी ऑक्टोबरमध्ये तो लांबट होतो आणि दक्षिण अमेरिकेचं टोक काही दिवस त्याच्याखाली येतं. उशुआइया किंवा पुंता अरेनासची नोंद पाहताना हे आठवावं.

पायरी ७: पीपीएमवरून डॉब्सन एककात या

प्रत्येक दिवशी, आतल्या निरीक्षणांची, प्रत्येक पातळीवरची सरासरी घ्या. आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर दाब, रंग म्हणजे पीपीएम. हा पहिला आलेख. मार्चमध्ये ७० ते ४० हेक्टोपास्कलच्या दरम्यान रंग कसा ओसरत जातो, ते नुसत्या नजरेनेच दिसेल. त्या वसंतात फुग्यांनी नेलेल्या ओझोनसाउंड नावाच्या छोट्या मापकांनी १८ किलोमीटरच्या आसपास ०.२ पीपीएमहूनही कमी ओझोन नोंदवला होता. एमएलएसची उभी बारकाई ढोबळ असल्याने त्यात इतकी टोकाची मूल्यं थोडी बोथट झालेली दिसतात.

यातून एकूण स्तंभातला वाटा काढायला एकच सूत्र पुरतं. दोन पातळ्यांमधला दाबाचा फरक हेक्टोपास्कलमध्ये घ्या, त्याला तिथल्या सरासरी पीपीएमने गुणा, मग ०.७९ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे त्या थरातले डॉब्सन एकक. ०.७९ कुठून आला, ते गुरुत्वत्वरण, हवेचं रेणुभार आणि अॅव्होगाड्रो संख्या घेऊन स्वतः काढून पाहा, पाच ओळींचं काम आहे.

उदाहरण करू. ६८.१३ ते ४६.४२ हेक्टोपास्कल हा जेमतेम अडीच किलोमीटरचा थर, दाबाचा फरक २१.७. समजा, तिथे सुरुवातीला सरासरी ३ पीपीएम होता, तर त्या थरात ५१ एकक होते. तो ०.५ पीपीएमवर आला तर उरले साडेआठ. एवढ्याशा थरातून ४३ एकक गेले. वरच्या आणि खालच्या थरांतली घट मिळवली की स्तंभातली मोठी तूट कशी तयार होते, ते ध्यानात येतं. हाच हिशेब एमएलएसच्या सगळ्या वापरण्याजोग्या पातळ्यांवर करून स्थितांबराची बेरीज काढा आणि त्याच जागच्या, त्याच दिवसाच्या ट्रोपोमीच्या स्तंभाशेजारी ठेवा. ट्रोपोमीचा आकडा जास्त यायला हवा, कारण त्यात क्षोभावरणाचा, म्हणजे जमिनीलगतच्या थराचा, ओझोनही आहे. कमी आला तर कुठेतरी एकक चुकलंय.

पायरी ८: नष्ट झाला की सरकला?

या प्रश्नासाठीच आतापर्यंतचा खटाटोप केला. क्षोभसीमा, म्हणजे क्षोभावरण आणि स्थितांबर यांमधली हद्द, वर ढकलली गेली की खालच्या स्थितांबरातली ओझोनने भरलेली हवा बाजूला सरते आणि एक-दोन दिवसांत स्तंभ शंभरेक एककांनी उतरू शकतो. यात एकही रेणू नष्ट झालेला नसतो. उलट, भोवऱ्यातली हवा हिवाळाभर हळूहळू खाली उतरते आणि वरून जास्त ओझोन आणते, म्हणून ठरावीक दाबाच्या पातळीवर ओझोन वाढायला हवा. नाश आणि भरणा एकाच वेळी चालू असतील तर स्तंभ जागच्या जागी दिसेल, आणि आत बरंच नुकसान झालेलं असेल.

हे वेगळं करण्यासाठी नायट्रस ऑक्साइड मदतीला येतो. स्थितांबराच्या या भागात तो हिवाळ्यातल्या काही महिन्यांत जवळजवळ बदलत नाही, आणि उंचीबरोबर कमी होत जातो. म्हणून तो हवेची ओळख पटवतो. भोवरा नीट तयार झाल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, नायट्रस ऑक्साइडच्या प्रत्येक मूल्याला किती ओझोन होता, याची जोडी लावा आणि रेष काढा. मार्चअखेरीस तीच जोडी पुन्हा काढा. त्याच नायट्रस ऑक्साइडला आता ओझोन कमी असेल, तर हवा तीच आहे आणि ओझोन रसायनांनी खाल्ला आहे. दोन रेषांमधलं अंतर म्हणजे रासायनिक नाश. भोवऱ्याच्या कडेवरून बाहेरची हवा मिसळली असेल तर ही रेष वाकते, त्यामुळे कडेजवळची निरीक्षणं इथे सोडून द्या.

दुसरा पुरावा क्लोरीन मोनॉक्साइडचा. ओझोन घटत असलेल्या त्याच पातळीवर, त्याच आठवड्यात, दिवसाच्या निरीक्षणांत क्लोरीन मोनॉक्साइड वाढलेला दिसला, तर मामला पक्का होतो. दिवसाचीच निरीक्षणं घ्या, कारण रात्री तो जोडीच्या रेणूंत बांधला जातो आणि एमएलएसला दिसत नाही. एका आलेखात ओझोन, दुसऱ्यात क्लोरीन मोनॉक्साइड, अक्ष तेच, एकाखाली एक. या दोन चित्रांनी मला हा विषय जितका समजला तितका कुठल्याही समीकरणाने समजला नाही.

पायरी ९: जमिनीवरून पडताळा

टोरांटोच्या जागतिक ओझोन व अतिनील माहिती केंद्रात डॉब्सन आणि ब्रूअरच्या नोंदी मिळतात. युरेका, अॅलर्ट आणि रेझोल्यूट ही कॅनडाची केंद्रं उत्तरेसाठी उपयोगाची. न्यू-ओलसुंदला जर्मन-फ्रेंच केंद्रावरून ओझोनसाउंड सुटतात, तिथे मायक्रोवेव्ह रेडिओमीटरही चालतो. त्याच गावात २००८ पासून भारताचं हिमाद्री केंद्र आहे, ते गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र चालवतं. दक्षिणेकडे भारतीय हवामान खात्याने मैत्री केंद्रावर १९९९ मध्ये ब्रूअर बसवलं.

जमिनीवरची एक युक्ती थेट उच्च अक्षांशांतूनच आली आहे. स्वित्झर्लंडच्या पॉल ग्यॉट्झने १९२९ मध्ये स्पिट्सबर्गनला पाहिलं की सूर्य मावळताना डोक्यावरच्या आकाशातल्या दोन तरंगलांबींचं गुणोत्तर एका दिशेने जाता जाता उलटं फिरतं. या उलटण्याच्या वक्रावरून ओझोन कोणत्या उंचीवर किती आहे याचा अंदाज बांधता येतो. ही पद्धत भारतीय आकाशासाठी वापरून दाखवणाऱ्यांत के. आर. रामनाथन यांच्यासोबत र. वि. करंदीकर होते, त्यांचं काम १९४९ मध्ये प्रसिद्ध झालं.

तुलना करताना तीन गोष्टी पाहा. एक, साउंडची बारकाई शंभर मीटरच्या घरात आणि एमएलएसची अडीच किलोमीटर. साउंडचा आलेख आधी तेवढा मऊ करा, मगच शेजारी ठेवा. दोन, सूर्य मावळताना शिरोबिंदूकडे बघणाऱ्या साओझसारख्या उपकरणाला जो ओझोन दिसतो, तो केंद्राच्या डोक्यावरचा नसतो, सूर्याच्या दिशेने बराच पुढचा असतो. भोवऱ्याची कडा केंद्राजवळ असेल तर दोन्ही उपकरणं बरोबर असूनही आकडे जुळणार नाहीत. म्हणून नुसतं ‘२०० किलोमीटरच्या आत’ एवढी अट पुरत नाही, दोन्ही ठिकाणचा समतुल्य अक्षांशही जवळपास सारखा हवा. तीन, ओझोनची शोषणक्षमता तापमानानुसार बदलते. डॉब्सनच्या नेहमीच्या गणनेत ओझोनचं तापमान उणे ४६.३ अंश धरलेलं असतं, आणि ध्रुवीय भोवऱ्यात ते त्याहून बरंच खाली असतं. यातून एक-दोन टक्क्यांचा फरक येतो, तो उपग्रहाच्या माथी मारू नका.

बर्फाचं एक वेगळं लक्षात ठेवा. अतिनील प्रकाशात ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे. खाली बर्फ असताना प्रणालीने ढग धरला, तर ढगाखालचा न दिसणारा ओझोन म्हणून ती अंदाजी भर घालते आणि स्तंभ काही एककांनी चुकतो. समुद्र गोठायच्या आणि वितळायच्या काळात, किनाऱ्यालगतच्या ठिपक्यांत ही चूक शोधा.

एवढं झालं की २०१९ आणि २०२० चे अंटार्क्टिकाचे सप्टेंबर-ऑक्टोबर घ्या आणि याच आज्ञावलीतून काढा. २०१९ मध्ये स्थितांबर अचानक तापलं आणि छिद्र लहान राहिलं, तर पुढच्याच वर्षी ते मोठं होतं आणि डिसेंबरअखेरपर्यंत टिकलं. क्लोरीनचा साठा दोन्ही वर्षी जवळपास तोच होता, त्यामुळे तापमानाचा हात यात स्वच्छ दिसतो. दक्षिणेसाठी अक्षांशाची आणि भ्रमिलतेची चिन्हं बदलायला विसरू नका.

आणि ऑराचं वय झालंय. २००४ मध्ये सोडलेला हा उपग्रह आता त्याच्या ठरलेल्या कक्षेतून घसरत चालला आहे. अंधारात, रोज, दोन्ही ध्रुवांवर असे उभे आलेख देणारं त्याच्या तोडीचं दुसरं उपकरण सध्या वर नाही. सुओमी एनपीपीवरचं ओएमपीएस लिम्ब सूर्यप्रकाशावर चालतं, म्हणजे ध्रुवीय रात्र त्याच्या आवाक्याबाहेर. एमएलएसच्या फाइली उतरवून घेतल्यात, त्या जपून ठेवा. ओएमपीएसच्या फाइलींची रचना मार्च २०२० च्याच एका दिवसावर शिकून घ्या, म्हणजे उजेड असलेल्या भागात दोन्ही आलेख शेजारी ठेवून फरक किती येतो ते आत्ताच मोजता येईल.